जिरोनाच्या मंडईतील पैज

वडील बहिणीला दिलेला शब्द मोडणे हा दोषच आहे. आपला हेतू शुद्ध होता, असे म्हणून त्यातून सुटता येत नाही. हा दोष माझ्या हातून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पूर्ण शुद्धीत घडला. त्याचे प्रायश्चित्तही त्याच दिवशी दुपार होण्याआधी मिळाले, आणि ते असे मिळाले की त्या दोषाबद्दल मला पुढे कधी वाईट वाटू शकले नाही.

"दिगू, परत एकदा सांग," आक्का म्हणाली. "तोंडानं सांग. मान हलवू नकोस."

"तू नऊ वाजता एकटी बाहेर पडायचं. मंडईतून भाजी आणायची. दोनच्या आत घरी यायचं. शाल्मलीला फोन नाही, माझी मदत नाही."

"आणि तू?"

"मी मागे येणार नाही."

"आणि हे मला जमलं तर?"

मी चष्मा काढून पुसला. "जमलं तर कुरुंदवाडच्या खोल्यांबद्दल मी पुन्हा शब्द काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर खोल्या विकून टाकायच्या," आक्काने वाक्य स्वतःच पुरे केले आणि पदर खोचला. "ठरलं. शाल्मली, तू साक्षीदार."

शाल्मली ही माझी मुलगी. ती तेव्हा कॅटलोनियातल्या जिरोना नावाच्या नगरात, तिथल्या विद्यापीठात संशोधन करीत होती, आणि तिच्या आग्रहामुळे आम्ही भावंडे सप्टेंबरातले तीन आठवडे तिच्याकडे आलो होतो. नगरामधून ओन्यार नावाची नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर गेरू, केशर आणि हळद कालवून रंगवल्यासारखी उंच घरे पाण्याला अगदी खेटून उभी आहेत. त्यांपैकी एका घराच्या चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आमचा हा करार चालला होता.

आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सव्विसाव्या वर्षी तिच्या कपाळीचे कुंकू गेले आणि ती सांगलीला आमच्या घरी परत आली. आधी आईवडिलांचे, मग माझ्या संसाराचे आणि सात वर्षांपूर्वी माझी पत्नी निवर्तल्यावर एकट्या माझे, असे सगळे तिने केले. कुरुंदवाडला तिच्या यजमानांच्या दोन खोल्या होत्या, पुढे अंगण, अंगणात पेरूचे झाड. तिथे राहणारे शाळामास्तर त्या चैत्रात बदलून गेले, आणि सत्तर वर्षांची माझी बहीण एका संध्याकाळी मला वाढता वाढता म्हणाली, "आता तिथं मी राहीन म्हणते."

मी नाही म्हणालो. कारणेही दिली, आणि ती सर्व तिच्या हिताची होती. तिला व्यवहार ठाऊक नाही. बँकेत ती एकटी कधी गेली नाही. रात्रीबेरात्री काही झाले तर कोण धावेल? पाच महिने हा वाद चालला. अखेर तिनेच तोड काढली. "तुझ्या डोळ्यांदेखत, जिथं माझी भाषासुद्धा कुणाला कळत नाही अशा गावात, मी एक दिवस एकटी काढून दाखवते. मग तर झालं?"

शाल्मलीने या मोहिमेसाठी एक सूचनापत्र लिहून फ्रिजवर चिकटवले होते. चांगल्या बारा सूचना होत्या. दुकानात शिरताना आधी "बोन दिया" असे अभिवादन करावे, मग काय हवे ते सांगावे. न बोलता आत शिरणे इथे उद्धटपणाचे समजतात. पिशवी पुढच्या बाजूला धरावी. दुपारी दोनला बहुतेक दुकाने मिटतात ती पाचपर्यंत उघडत नाहीत. जेवण दोनला आणि रात्री नऊला. सात वाजता खानावळीत जाऊन भूक लागली म्हटले तर लोक तुमची कीव करतील. स्पॅनिश सर्वांना समजते, पण दोन शब्द इथल्या कॅटलान भाषेचे बोललात तर समोरच्याचा चेहरा उजळतो.

या शेवटच्या मुद्द्यावर माझा मतभेद होता. मी सांगलीत तीन महिने पुस्तकावरून स्पॅनिशचा अभ्यास केला होता.

"राज्यव्यवहाराची भाषा एकदा नीट शिकली की पुरे," मी म्हणालो.

"बाबा, माणसं राज्यव्यवहार करायला मंडईत येत नाहीत," शाल्मली म्हणाली. "आणि तो कागद वाचलात का पूर्ण?"

"वाचतो आहे."

वाचत होतो हे खरे. परंतु अडतीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाच्या हातात कागद आला की पेन्सिलही आपोआप येते. शाल्मलीच्या ऱ्हस्वदीर्घांच्या चुका दुरुस्त करीत मी आठव्या सूचनेपर्यंत पोहोचलो आणि तिथे चहा आला. आक्काचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिने बाराही सूचना मोठ्याने म्हणून, स्तोत्र पाठ करावे तशा पाठ केल्या, आणि पाच-सहा कॅटलान शब्द शाल्मलीच्या तोंडून ऐकून ऐकून घोटले.

नऊ वाजता ती निघाली. निळसर सुती लुगडे, पायांत शाल्मलीचे पांढरे बूट, खांद्यावर कापडी पिशवी. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज विरेपर्यंत मी स्वस्थ बसलो.

"मी जरा त्या मोठ्या देवालयाकडे जाऊन येतो," मग मी म्हणालो. "त्याच्या नव्वद पायऱ्या चढायच्या आहेत."

शाल्मलीने संगणकावरून मान वर केली नाही. "देवालय उजवीकडे आहे, बाबा. मंडई डावीकडे."

"मला ठाऊक आहे."

मी खाली उतरलो आणि डावीकडे वळलो.

पण आक्का डावीकडे गेलीच नव्हती. पुलावर उभा राहून मी चहूकडे पाहिले तेव्हा नदीपलीकडे, जुन्या गावाच्या बाजूला तिचा पदर दिसला. कुणाचेही घड्याळ तिच्या डोक्यावर नव्हते, म्हणून ती आधी गाव पाहायला निघाली होती. मी तीस पावलांचे अंतर ठेवून चालू लागलो. ती थांबली की मी थांबे आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचू लागे. त्या सकाळी मी जिरोनातल्या एका दंतवैद्याची संपूर्ण माहिती मिळवली.

एका चौकात दगडी खांबाला बिलगून चढणारी एक सिंहीण आहे. तिच्या मागच्या अंगाचे चुंबन घेणारा माणूस जिरोनाला पुन्हा येतो, अशी तिथल्यांची श्रद्धा. आणि परगावचे लोक हसत हसत लोखंडी पायरीवर चढून तो विधी करतात. आक्का तिथे बराच वेळ उभी राहिली. एका तरुण जोडप्याने तिला खुणेने पायरी दाखवली. ती पायरीवर चढली. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कुळात असे कधी घडले नव्हते. पण तिने सिंहिणीच्या शेपटीला हात लावला, तो हात कपाळाला लावला, दोन्ही हात जोडले आणि खाली उतरली. ते जोडपे एवढे प्रसन्न झाले की त्या मुलीनेही तसाच नमस्कार करून पाहिला.

पुढे ती एका उपाहारगृहात शिरली. आयुष्यात ती एकटी अशा ठिकाणी कधी बसलेली नव्हती. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाआडून काचेतून पाहत होतो. तिने आत पाऊल टाकताच काहीतरी म्हटले आणि गल्ल्यामागच्या माणसाने हसून उत्तर दिले. मग तिने शेजारच्या टेबलाकडे बोट केले. थोड्या वेळाने तिच्यापुढे कॉफी आली आणि टोमॅटो चोळून तेल सोडलेला भाजका पाव आला. ती सावकाश, नीट बसून, गरम गरम खात होती. मी मात्र घाईत न्याहारी न करता निघालो होतो. एक लहानसा कुत्रा माझे धोतर हुंगून गेला आणि त्याची मालकीण मला काहीतरी विचारून गेली. मी तिला पुस्तकातल्या शुद्ध स्पॅनिशमध्ये सांगितले की मी वास्तुकलेचे निरीक्षण करीत आहे. मी बोट दाखवले ती इमारत औषधाचे दुकान होती.

अकरा वाजून गेल्यावर आक्का नदी ओलांडून मंडईत शिरली. मंडई म्हणजे मोठी झाकलेली इमारत. आत गाळ्यांच्या ओळी, मासळीचा दर्प, पाण्याने धुतलेली फरशी आणि बायकांचा गलका. दोन वळणांनंतर निळे लुगडे दिसेनासे झाले.

पहिली पाच मिनिटे मी शांत होतो. दहाव्या मिनिटाला मी मासळीच्या गाळ्यांमधूनही फिरून आलो, जे मी एरवी केले नसते. पंधराव्या मिनिटाला मी पुन्हा पहिल्याच दारापाशी आलो होतो. ती चक्कर येऊन पडली असेल. कुणी तिची पिशवी ओढली असेल. एखाद्या दाराने ती भलत्याच रस्त्याला लागली असेल, आणि तिला आपला पत्ता सांगता येणार नाही. हे सारे माझ्या हट्टापायी. समोर भाजीचा एक भला मोठा गाळा होता आणि आत हिरवा एप्रन बांधलेली एक जाडजूड बाई वजन करीत होती. गाळ्याच्या आसपास सात-आठ बायका इकडेतिकडे विखरून गप्पा मारीत उभ्या होत्या. रांग नव्हती.

जन्मात मी कधी रांग मोडलेली नाही. रेशनचे दुकान असो, तिकिटाची खिडकी असो, सर्वांच्या मागे जाऊन उभे राहणे हा माझा नेम. पण इथे रांगच नाही हे डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. मी सरळ पुढे गेलो. नुसती चौकशी करणे बरे दिसणार नाही, गिऱ्हाईक म्हणून विचारावे, या विचाराने मी ढिगातला एक टोमॅटो उचलला, दाबून पाहिला, आणि म्हणालो, "बाई, एक क्षमा असावी..."

मागून जो कोलाहल उठला त्यातला एकही शब्द माझ्या पुस्तकात नव्हता. एका बाईने माझ्या हातातल्या टोमॅटोकडे बोट केले, दुसरीने घड्याळाकडे, तिसरीने आभाळाकडे. हिरव्या एप्रनवालीने तराजू सोडून कमरेवर हात ठेवले. मी भारदस्तपणे सांगितले, "बायांनो, इथे रांग अस्तित्वात नाही." त्यावर तर सर्वजणी एकदम बोलू लागल्या.

"दिगू, टोमॅटो खाली ठेव."

मी वळलो. भोपळ्यांच्या राशीमागे, एका पालथ्या घातलेल्या खोक्यावर आक्का बसली होती. तिच्या शेजारी काठी घेतलेली एक वृद्ध बाई होती, आणि दोघींच्या मध्ये कागदावर चार अंजिरे होती, त्यांतली दोन अर्धी खाल्लेली.

मी टोमॅटो खाली ठेवला.

"फळाला हात लावायचा नाही. पाचवी सूचना," आक्का म्हणाली. "ती बाई स्वतः देते निवडून. आणि रांग आहे."

"कुठे आहे?"

"प्रत्येकीच्या डोक्यात. आल्यावर विचारायचं, शेवटी कोण आहे. जी शेवटी असेल ती हात वर करते. मग तू तिच्यामागे. उभी राहा, बस, शेजारच्या गाळ्यावर जाऊन ये, तुझी जागा कुणी घेत नाही. अकरावी सूचना." तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तू आठवीपर्यंतच तपासला होतास ना कागद?"

मी टोमॅटोचा हात रुमालाला पुसला.

"देवालयाच्या पायऱ्या झाल्या चढून?"

"आक्का, तू दिसेनाशी झालीस. मला वाटलं..."

"काय वाटलं ते मग सांग. आधी विचार त्यांना. सगळ्या खोळंबल्यात. 'की एस् लुल्तिम?' म्हण."

सात-आठ बायका माझ्याकडे पाहत होत्या. जन्मभर वर्गाकडून उत्तरे वदवून घेणाऱ्या मला त्या वर्गात प्रश्न विचारायचा होता. मी घसा साफ केला. "की एस् लुल्तिम?"

मग कोपऱ्यातली लाल चष्म्याची बाई हात वर करून म्हणाली, "झो." म्हणजे मी. आणि ती हसली. ती हसली तशा सगळ्या हसल्या. एकीने माझ्या पाठीवर थोपटले, जे माझ्या पत्नीनेही चारचौघांत कधी केले नव्हते. हिरव्या एप्रनवालीने, जिला सगळ्या रोझेर म्हणत होत्या, मी दाबलेला टोमॅटो बाजूला ठेवला आणि मला डोळ्यांनीच बजावले की हा तुझ्याच पिशवीत जाईल.

मी आक्काच्या खोक्याशेजारी उभा राहिलो. "तू त्या दोन्ही सूचना कशा लक्षात ठेवल्यास?"

"दुसरं काय होतं मला लक्षात ठेवायला? तुझ्यासारखे ग्रंथ थोडेच आहेत डोक्यात." तिने काठीवालीकडे पाहून मान हलवली. "या नूरियाबाई. ब्याऐंशी वर्षांच्या. एकट्या राहतात, तीन मजले चढून. आम्ही बोटांवर सांगितलं एकमेकींना सगळं."

नूरियाबाईंनी मला एक अंजीर दिले. मला भूक लागली होती. मी ते घेतले.

"चमत्कारिक पद्धत आहे," खाता खाता मी म्हणालो. "सरळ एकामागे एक उभं राहिलं तर काय बिघडतं?"

"मला आवडली," आक्का म्हणाली. "जो येतो तो आधी शेवटच्या माणसाला शोधतो. बघ की. आपल्याकडे चव्वेचाळीस वर्षं मी सगळ्यांच्या मागनं जेवले. आई होती तेव्हा आईच्या मागनं, मग वहिनीच्या मागनं. कधी कुणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं का रे, शेवटी कोण राहिलंय म्हणून?"

हे ती हसत म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. ती माझ्या अंगरख्यावर सांडलेले अंजिराचे बी झटकत होती.

"आता सांग, काय वाटलं तुला मी दिसले नाही तेव्हा?"

"भीती वाटली."

"माझ्यासाठी, का तुझ्यासाठी?"

एवढ्यात तिची पाळी आली. ती उठली, रोझेरला "बोन दिया" म्हणाली, वांग्यांकडे बोट करून तीन बोटे दाखवली, शेंगा ओंजळीने दाखवल्या, कोथिंबिरीसाठी नाकाशी बोटे नेऊन वास घेतल्याची खूण केली. रोझेरने निवडलेले एक वांगे आक्काने मान हलवून परत करवले, आणि रोझेरने तिला दुसरे दिले, तेही आदराने. वर कुठल्याशा हिरव्या पानांची एक जुडी दिली, फुकट. "आदेऊ," असा निरोप घेऊन आक्का बाजूला झाली. सारे मिळून चार मिनिटे लागली असतील. माझ्या आयुष्यात किती तोंडी परीक्षा मी घेतल्या असतील, पण एवढी निःशंक उत्तरे क्वचितच ऐकली होती.

मग एक बाई धापा टाकीत आली आणि सर्वांकडे पाहून तिने विचारले, "की एस् लुल्तिम?"

कुणीच उत्तर देईना. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मग मला उमगले. मी हात वर केला.

"झो," मी म्हणालो.

घरात पहिले पान माझे असे. सभेत पहिली खुर्ची माझी. हात वर करून शेवटचा मी आहे असे सांगण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता. ती बाई "ग्रासिएस" म्हणाली आणि माझ्यामागे विश्वासाने उभी राहिली.

बायका एकेक करून गेल्या. नूरियाबाई काठी टेकीत गेल्या. जाताना त्यांनी आक्काच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि आक्कानेही ते बिनतक्रार लावून घेतले. लाल चष्म्याची बाई गेली. मग रोझेरने माझ्याकडे हनुवटी उचलली.

मी "बोन दिया" म्हणालो. इथवर ठीक होते. पुढे काय मागावे हे मला ठाऊक नव्हते. सदुसष्ट वर्षांत मी भाजी खाल्ली होती, तिची नावे अमरकोशातून पाठ केली होती, पण एक वांगे कधी विकत आणले नव्हते. मी आक्काकडे पाहिले.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "मदत घ्यायची नाही असं ठरलंय आपलं."

"ते तुझ्यासाठी ठरलं होतं."

"मग मी जिंकले की हरले ते सांग आधी. परीक्षक तू आहेस."

रोझेर वाट पाहत होती. माझ्यामागची बाई वाट पाहत होती. वांगी काळीभोर चमकत होती, आणि सांगलीच्या घरातले स्वयंपाकघर मला त्या ढिगावर स्वच्छ दिसत होते: ओटा, कोनाडा, चिमटा, आणि तिथे कुणीच नाही. पाच महिने जे मी तिच्या काळजीचे म्हणून मांडत होतो, ते सर्व त्या ओट्यापाशी येऊन थांबत होते.

"आक्का," मी विचारले, "एका माणसाला किती वांगी लागतात?"

तिने पदराचे टोक तोंडाशी नेले आणि परत खाली सोडले.

"दोन पुरतात," ती म्हणाली. "लहान बघून घे. आणि मी सांगितल्याशिवाय तेल तापवायचं नाही. मी निघायच्या आधी आठ दिवस तुला रोज ओट्याशी उभा करते."

मी रोझेरला दोन बोटे दाखवली. तिने दोन लहान वांगी निवडली, आणि तो दाबलेला टोमॅटो आठवणीने वर ठेवला.

आम्ही एक वाजता घरी पोहोचलो. शाल्मलीने दार उघडले, आमच्या दोघांच्या हातातल्या दोन पिशव्या पाहिल्या आणि दोन कढया काढल्या. त्या दुपारी भरली वांगी आक्काने केली, दोन वांग्यांची भाजी मी केली. माझी खारट झाली. शाल्मलीने आधी आक्काला वाढले.

दिवाळीनंतर आक्का कुरुंदवाडला राहायला गेली. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. बँकेत जाते, शेजारच्या मुलींना ओव्या शिकवते, आणि दर पौर्णिमेला मी शेजारच्या वाडीला दत्तदर्शनाला गेलो की वाट वाकडी करून तिच्याकडे जेवायला जातो. मला आमटी, भात, तीन भाज्या आणि पिठले येते. पोळ्या अजून गोल होत नाहीत. ती त्यांना हसते, मग खाते.

त्या दूरच्या नगरात रोझेरबाईंच्या हाताला यश असो. नूरियाबाई जिथे असतील तिथे त्यांना विसावा असो. शाल्मलीचे भले होवो. आणि माझ्या आक्काला तिच्या अंगणातला पेरू अजून पुष्कळ वर्षे स्वतःच्या हाताने तोडता येवो.